अडीच मिलिमीटर

हॉस्टेलच्या खोलीत बाकीच्यांनी बुगाटी आणि लॅम्बोर्गिनीची पोस्टरं लावली होती. माझ्या पलंगाच्या वर मात्र सिगारसारखी लांबोडकी एक विचित्र गाडी होती. फोक्सवॅगनची 'एक लिटर कार'. दोनच माणसं बसणार, तीही स्कूटरसारखी एकामागे एक. एका सिलिंडरचं 0.3 लिटरचं डिझेल इंजिन आणि अख्ख्या गाडीचं वजन 290 किलो. 2002 मध्ये तेव्हाचे कंपनीप्रमुख फर्डिनांड पिएश ही कन्सेप्ट कार स्वतः चालवत वोल्फ्सबर्गहून हॅम्बुर्गला गेले. शंभर किलोमीटरला सरासरी 0.89 लिटर डिझेल लागलं. म्हणजे लिटरला 112 किलोमीटर!

मला त्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं वेड लागलं होतं. ही गाडी प्रदर्शनातल्या फिरत्या चबुतऱ्यावरून उतरून खऱ्या रस्त्यावर धावली होती.

आम्ही कॉलेजच्या बाहा टीममधले. इंदूरजवळच्या पीथमपूरला जाऊन चिखलात बग्गी पळवून आलो होतो. फायनल इयरला तिघांनी ठरवलं, आता रस्त्यावर चालेल अशी हलकी टू-सीटर करायची. उरलेले पाइप, जुन्या बाजारातून आणलेलं बाइकचं इंजिन आणि भोसरी एमआयडीसीत एका फॅब्रिकेटर काकांच्या शेडचा कोपरा. सात महिन्यांत गाडी उभी राहिली. भंगारवाल्याच्या काट्यावर वजन भरलं 310 किलो. आम्ही तिथेच नाचलो.

मग आरटीओच्या एका एजंटकडे गेलो. त्याने फोटो कौतुकाने पाहिले आणि विचारलं, "फॉर्म 21 आणि फॉर्म 22 कुठाय?"

फॉर्म 21 म्हणजे विक्रीचा दाखला. फॉर्म 22 म्हणजे गाडी नियमांत बसते असं उत्पादकाने लिहून दिलेलं प्रमाणपत्र.

"उत्पादक कोण?"

"आम्हीच."

तो हसला नाही, हे मला अजून आठवतं. शांतपणे म्हणाला, "दादा, मग आधी कंपनी काढा. गाडीचा नमुना टेस्टिंगला द्या, पास करून आणा. एका गाडीसाठी कोण करतं का हे?"

आमच्याकडे एकच गाडी होती. क्रॅश टेस्टला ती भिंतीवर आपटली की रस्त्यावर आणायला उरणार काय? आम्ही रात्रभर टपरीवर सिस्टिमला शिव्या घातल्या. हेल्मेट न घालता स्कूटरवरून चौघं जातात ते चालतं, आणि आमच्या रोल केजला, चार-पॉइंट बेल्टला परवानगी नाही!

पुढच्या गुरुवारी गाडी शेडबाहेर काढली. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, गल्ली रिकामी. "फक्त कोपऱ्यापर्यंत," असं ठरलं होतं. मी चालवत होतो. वेग सायकलएवढा. काकांच्या शेजारचा दहा वर्षांचा पोरगा हरखून गाडीसोबत पळायला लागला. पुढच्या सस्पेन्शनचा एक बोल्ट नटच्या बाहेर बोटभर आला होता. जास्तीचं टोक कापायचं राहून गेलं होतं. त्या टोकाने पोराची पोटरी फाडली.

सात टाके पडले. दवाखान्याचं बिल आम्ही भरलं. त्याची आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरांनो, खेळणंच करायचं तर अंगणात करा. रस्त्यावर कशाला आणता?"

गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. कॅम्पसमधून मला सॉफ्टवेअरची नोकरी लागली. विषय संपला असं मी सगळ्यांना सांगायचो.

चार वर्षांनी कंपनीने वर्षभरासाठी ब्रिटनला पाठवलं. तिथल्या टीममधला एक पन्नाशीचा सहकारी एका शनिवारी मला घरी घेऊन गेला. गॅरेजमध्ये केटरहॅम सेव्हन होती. मूळची 1957 ची लोटस सेव्हन, कॉलिन चॅपमनची. ती पूर्वीपासून सुट्या भागांत विकली जायची. याने त्याची सेव्हन स्वतः जोडली होती. वजन साडेपाचशे किलोच्या आसपास. आणि तिला नंबर प्लेट होती.

मी पहिला प्रश्न विचारला, "पास कशी झाली?"

तिथे हौशी माणसाने बांधलेल्या एकेका गाडीसाठी आयव्हीए नावाची परीक्षा असते. परीक्षेची वेळ आधी ठरवून घेतली आणि विमा काढला, की नोंदणी न झालेली गाडीही केंद्रापर्यंत चालवत नेता येते. परीक्षक ब्रेक, दिवे, आरसे, धूर, आवाज बघतो. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होतं का, हे बघतो. ही गाडी पहिल्यांदा नापास झाली होती. चुकांची यादी मिळाली, त्याने दुरुस्त्या केल्या, परत नेली.

"नापास कशात?"

त्याने वाकून पुढच्या सस्पेन्शनकडे बोट दाखवलं. प्रत्येक बोल्टवर काळी टोपी होती. 100 मिलिमीटरचा गोळा गाडीच्या बाहेरच्या ज्या भागांना टेकू शकतो, तिथल्या कडांची गोलाई किमान अडीच मिलिमीटर लागते. म्हणजे गाडी कोणाला घासलीच तरी कापणार नाही. त्याच्या दोन बोल्टांना टोप्या नव्हत्या.

मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसून राहिलो. आम्ही ज्याला लाल फीत म्हणत होतो, ती त्या पोराची पोटरी होती. सात महिन्यांत आम्ही आत बसणाऱ्या दोघांचाच विचार केला होता. बाहेर पळणारा तिसरा आमच्या कॅडमध्ये कुठेच नव्हता. रोजच्या कामात दुसऱ्याने तपासल्याशिवाय मी चार ओळींचा कोड पुढे सरकवत नाही. तिथे मात्र 310 किलो लोखंड तसंच बाहेर काढलं होतं.

पण याने एजंटचं ते वाक्य पुसलं जात नाही. नियम मोठ्या कारखान्यांच्या मापाने शिवलेले असतात, आणि हलकी गाडी त्यात बसत नाही. मोठ्यांचेही हाल होतात. बजाजने आरई60 जानेवारी 2012 मध्ये दाखवली. चार चाकं म्हणून रिक्षा नाही, आणि कार म्हणावी तर फारच हलकी. तिच्यासाठी 'क्वाड्रिसायकल' असा नवा वर्गच करावा लागला, कोर्टकचेऱ्या झाल्या. क्यूट या नावाने ती आपल्याकडे विकायला आली तोवर 2019 उजाडलं. माझ्या पोस्टरवरच्या गाडीचंही तसंच. ती एक्सएल1 होऊन ग्राहकांच्या हाती पडली 2014 मध्ये. सीट शेजारी-शेजारी आल्या, बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर आली. 290 किलोचे 795 झाले आणि गाड्या केल्या फक्त 250.

तेवढी वर्षं आणि पैसा कॉलेजच्या तीन पोरांकडे नसतो. आम्हाला सूट नको होती. कडक परीक्षा चालली असती. त्या बोल्टवर कोणीतरी पोराच्या आधी बोट ठेवायला हवं होतं. आम्हाला नापास व्हायचीसुद्धा सोय नव्हती.

गेल्या दिवाळीत भोसरीला गेलो. काकांच्या शेडमध्ये फ्रेम अजून आहे, वर पत्रे रचलेत. तो पोरगा आता आयटीआयला आहे, फिटर ट्रेड. पोटरीवरचा व्रण त्याने हसत दाखवला. मी त्याला आयव्हीएबद्दल सांगितलं, गोळ्याबद्दल, अडीच मिलिमीटरबद्दल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दादा, आपली किती ठिकाणी नापास झाली असती?"

आम्ही दोघांनी मिळून पत्रे बाजूला केले. त्याने खिशातून खडू काढला. पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. अंधार पडेपर्यंत एकोणीस फुल्या झाल्या होत्या, आणि मागची बाजू अजून बाकी होती.