अंगावर पाजतेस ना, मग काय काळजी?

हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या फिरतंय. आजी म्हणायची, आई म्हणते, आणि माझ्या बाळंतपणानंतर मावशीनेही ऐकवलं. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कोणी बोलत नाही, म्हणून लिहायला बसले.

बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूतल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन सुटतं आणि दूध तयार होतं. त्याच चोखण्याने, स्त्रीबीज पिकवायचा निरोप अंडाशयाला देणारी हार्मोन्स मंदावतात. म्हणून पाळी थांबते. म्हणजे सगळी किल्ली बाळाच्या तोंडात! ते वरचं खाऊ लागलं, रात्री सलग झोपू लागलं, की निरोप पुन्हा सुरू होऊ शकतो.

१९८८ साली इटलीत बेलाजिओला तज्ज्ञ जमले आणि त्यांनी याच्या तीन अटी मांडल्या. बाळ ६ महिन्यांच्या आतलं हवं, जवळजवळ पूर्णपणे अंगावरच पिणारं हवं, आणि पाळी परत आलेली नको. तिन्ही असतील तर दिवस न राहण्याची खात्री ९८ टक्क्यांच्या वर. एक जरी मोडली तरी ती खात्री संपली.

आजीच्या वाक्यात अटी नव्हत्या. तिची सात बाळंतपणं झाली, त्यातल्या दोघांत जेमतेम चौदा महिन्यांचं अंतर. बिचारी!

आणखी एक मेख आहे. स्त्रीबीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. त्यामुळे "पाळी येऊ दे, मग बघू" म्हणणारीला पाळी न दिसताच दिवस राहू शकतात. माझ्या ओळखीतल्या एकीला तर पाचव्या महिन्यात कळलं.

माझं उलटंच झालं. पूर्ण अंगावर पाजत असूनही चौथ्या महिन्यात पाळी आली. लगेच सल्ले सुरू... "आता दूध बाधेल, बाटली लाव." दूध बाधत नाही हो! काहींना त्या दिवसांत ते थोडं कमी वाटतं, बाळाला जास्त वेळा घेतलं की सहसा सावरतं. मी पाजतच राहिले. कुणाची पाळी तिसऱ्या महिन्यात येते, कुणाची वर्षानंतर. त्यात कुणाचं काही कमी नसतं.

तेव्हा वहिन्यांनो, बहिणींनो, दीड महिन्यानंतरच्या तपासणीला बाळाच्या वजनाबरोबर हाही प्रश्न डॉक्टरांना विचारा. तांबी आहे, पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत. लाजू नका. आजीला विचारायची सोय नव्हती, आपल्याला आहे.