एक एकराचा निर्णय
उद्योजकतेवरील अलीकडच्या ग्रंथांत सरस सरस्वती या संशोधिकेच्या विचारांतील ‘परवडणारे नुकसान’ ही संकल्पना वारंवार येते. संभाव्य नफ्याचे गणित मांडत बसण्याऐवजी हाताशी काय आहे आणि त्यातले किती गमावले तरी घर कोलमडणार नाही हे पाहून पहिले पाऊल टाकावे, असा तिचा अर्थ. धाराशिव जिल्ह्यातील एक एकर शेती हे तिचे जिवंत रूप मानावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्बांधणीत बायकांना पुढे आणणाऱ्या, प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या आधाराने येथील शेतकरी स्त्रियांनी कुटुंबाच्या जमिनीतून अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यात नगदी पिकाऐवजी घरात शिजणारी धान्ये, कडधान्ये, भाज्या सेंद्रिय खतावर घेतल्या. सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या उताऱ्यावर, नाव नसताना काय पेरायचे हे सुनेने ठरवणे ही नेतृत्वाच्या पुस्तकी व्याख्यांहून मोठी गोष्ट आहे आणि व्यवस्थापनशास्त्राने तिच्याकडे आस्थेने पाहायला हवे. पेरणीच्या आदल्या रात्री पावसाचा अंदाज, घरातली तोंडे आणि आठवडी बाजार ही तिन्ही गणिते ती बियाण्यासोबत एकाच सुपात पाखडत असते.