गुन्हा एक, शिक्षा जन्मावरून

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका मुलाने घटनेचा भाग शिकवताना मला मध्येच थांबवले. "ताई, ज्याने बॉम्ब ठेवून माणसं मारली आणि ते कोर्टात सिद्ध झालं, त्याला आपण भारताचा नागरिक कशाला म्हणायचं? काढून टाका ना त्याचं नागरिकत्व." हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नव्हता. त्याचे मामा ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये होते. ते वाचले, पण एक कान कायमचा गेला. अशा घरातल्या मुलाला "घटना नीट वाच" एवढे सांगून भागत नाही.

माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते दहशतवाद्याच्या दयेपोटी नाही. खटला चालवा, कायद्यातली कठोर शिक्षा द्या, जन्मठेप म्हणजे खरोखर जन्मठेप असू द्या. (फाशीला माझा विरोध आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) नागरिकत्व मात्र शिक्षा म्हणून हिरावता येऊ नये.

आधी आपला कायदा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम १० नुसार बाहेरून येऊन नागरिक झालेल्या बहुतेकांचे नागरिकत्व केंद्र सरकार काढू शकते. नागरिकत्व मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दोन वर्षांची कैद झाली, तर तेवढे कारणही पुरते. जन्माने नागरिक असलेल्याला हे कलम लागू नाही. पण घटनेच्या अनुच्छेद ११ ने नागरिकत्वाचे सगळे कायदे करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, त्यामुळे उद्या कुणी ही मागणी संसदेत नेणारच नाही असे समजू नये. समजा, नेली आणि मंजूर झाली. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. मग इथे जन्मलेल्या माणसाचे नागरिकत्व काढून त्याला पाठवणार कुठे? दुसऱ्याचा दहशतवादी कोणता देश घेईल? तो राहणार इथल्याच तुरुंगात, इथल्याच खर्चाने, फक्त कागदावर कुणाचाच नसलेला.

ज्या देशांत दुहेरी नागरिकत्व चालते, त्यांनी यावर तोड काढली. माणसाला राज्यविहीन करू नये असा संयुक्त राष्ट्रांचा १९६१ चा करार आहे. म्हणून ज्याच्याकडे दुसरे नागरिकत्व आहे त्याचेच पहिले काढायचे. ऐकायला वाजवी वाटते. कॅनडाने २०१४ मध्ये असाच कायदा केला. टोरोंटोमध्ये ट्रकबॉम्बचा कट रचल्याबद्दल जन्मठेप झालेल्या, जॉर्डनमध्ये जन्मलेल्या एका कैद्याचे नागरिकत्व २०१५ मध्ये काढले. त्याच कटातल्या दुसऱ्या एका कैद्यालाही तशी नोटीस गेली. हा दुसरा कॅनडातच जन्मलेला, पण आईवडील पाकिस्तानातून आलेले, म्हणून तोही पाकिस्तानी असणार असा सरकारचा दावा. आता याच कटात आजोबा-पणजोबांपासून कॅनडातला असलेला तिसरा माणूस असता तर? त्याला तुरुंग, आणि तेवढेच. बॉम्ब एक, कट एक, कलम एक, पण देशाबाहेर काढायचे कुणाला हे ठरणार बाप कुठून आला त्यावरून.

ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. मनुस्मृतीचा आठवा अध्याय पाहा. ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला शंभर पण दंड, वैश्याला दीडशे किंवा दोनशे, आणि शूद्राला शारीरिक शिक्षा. उलट ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर पन्नास, वैश्याला दिली तर पंचवीस, शूद्राला दिली तर बारा. अपराध तोच, दंड जन्माप्रमाणे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हे पुस्तक जाळले गेले, तेव्हा जी तत्त्वे आगीत टाकली त्यातले हे एक मुख्य होते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले की आधुनिक राज्यात दर्जा जन्माने मिळत नाही. कॅनडाच्या त्या कायद्याने तो जन्माने दिला, तोही फौजदारी कायद्याच्या दारातून. २०१५ च्या निवडणुकीत हा मुद्दा गाजला, सरकार बदलले, २०१७ मध्ये ती तरतूद रद्द झाली आणि त्या कैद्याचे नागरिकत्व परत मिळाले. तो तुरुंगातच होता. कॅनडाचे काही बिघडले नाही.

यावर कुणी म्हणेल, ब्रिटनने २०१९ मध्ये एका गोऱ्या तरुणाचेही नागरिकत्व काढले, मग यात वंशाचा प्रश्न कुठे आला? बरोबर, काढले. पण तेही त्याच्या वडिलांमुळे त्याच्याकडे कॅनडाचे नागरिकत्व होते म्हणूनच काढता आले. म्हणजे ब्रिटनमध्ये घडलेला प्रश्न ब्रिटनने कॅनडाच्या दारात नेऊन ठेवला.

मला याहून जास्त खुपते ती शमीमा बेगमची गोष्ट. लंडनमध्ये जन्मलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी, २०१५ मध्ये, इस्लामिक स्टेटकडे सीरियात गेली. २०१९ मध्ये ब्रिटनने तिचे नागरिकत्व काढले. आईवडिलांमुळे ती बांगलादेशी आहे असे कारण दिले. बांगलादेशाने हात झटकले. कुठल्याही न्यायालयात तिच्यावर खटला चालला नाही. तिने काय केले, काय पाहिले, हे साक्षीपुराव्याने तपासलेच गेले नाही. आता जर्मनी पाहा. इस्लामिक स्टेटमध्ये सामील झालेल्या एका जर्मन महिलेवर म्युनिकच्या न्यायालयात खटला चालला. गुलाम म्हणून विकत घेतलेल्या पाच वर्षांच्या यझिदी मुलीला तिच्या नवऱ्याने उन्हात बांधून मरू दिले आणि हिने ते होऊ दिले, असा आरोप होता. त्या मुलीची आई साक्षीला उभी राहिली. २०२१ मध्ये शिक्षा झाली. आपली नागरिक म्हणूनच जर्मनीने तिचा हिशेब आपल्या न्यायालयात मांडला. 'ती आमची नाही' असे म्हणून मोकळे झाले असते, तर त्या यझिदी आईने कुणाच्या कोर्टात जायचे होते? अत्याचार झालेल्यांच्या बाजूने विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. हद्दपारीने गुन्हेगार नजरेआड होतो, पण पीडिताच्या हाती काहीच लागत नाही.

आणि 'कोर्टात सिद्ध झालं' या शब्दांबद्दल. अक्षरधाम मंदिरावरच्या २००२ च्या हल्ल्यात सहा जणांना पोटा न्यायालयाने दोषी ठरवले, त्यातल्या तिघांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. १६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. त्या दिवशी लोकसभेचा निकाल होता, बातमी कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. ज्या स्फोटात या मुलाच्या मामांचा कान गेला, त्या खटल्यात २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यातला एक त्याआधीच तुरुंगात मेला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, त्या न्यायालयाने हा निकाल दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. २०१५ मध्येच नागरिकत्व काढले असते, तर उरलेले अकरा जण तुरुंगातून सुटून कोणत्या देशात गेले असते?

१४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितले होते की मला मायभूमी नाही. पाणवठ्यावर कुत्र्यामांजरांइतकाही मान नसलेल्या माणसांनी या देशाला आपला का म्हणावे, असा तो सवाल होता. पुढे त्यांच्याच मसुदा समितीने घटनेचा अनुच्छेद ५ सभागृहापुढे आणला. त्यात देशावर प्रेम आहे का, वर्तन चांगले आहे का, असे काही विचारलेले नाही. इथे तुझा अधिवास आहे का, आणि तू किंवा तुझ्या आईवडिलांपैकी कुणी इथे जन्मले का किंवा तू निदान पाच वर्षे इथे राहिलास का, एवढेच विचारले आहे.

माझे निम्मे काम दाखल्यांचे असते. भटक्या-विमुक्तांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. मागच्या पावसाळ्यात एका वैदू आजीबरोबर मी चार चकरा मारल्या. तिच्या सासऱ्याचे नाव कोणत्याच गावाच्या नोंदवहीत सापडेना, कारण त्यांचे पाल दर महिन्याला दुसऱ्या गावाबाहेर पडायचे. तिच्या नातवावर उद्या खरा किंवा खोटा गुन्हा लागला आणि नागरिकत्व काढता येते असा कायदा असला, तर 'हा मुळात इथला होता का' हे तपासायला साहेब पहिल्यांदा कुणाची फाइल उघडतील?