लाल टोपीची सिरिंज

आज माझी आई तासगावात स्वतःच्या पायांनी देवळापर्यंत जाऊन येते. यात तिच्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहेच. पण अमेरिकेच्या मेन राज्यात, समुद्रकाठच्या एका लहान गावात राहणाऱ्या निवृत्त जोडप्याचा आणि त्यांच्या आंधळ्या कुत्रीचाही त्यात वाटा आहे. हे आजवर आम्हा मायलेकींपुरतंच राहिलं होतं, म्हणून आता लिहून ठेवते आहे. त्या दोघांची नावं लिहीत नाही. स्वतःबद्दल छापून आलेलं त्यांना आवडणार नाही. तोंडाने मी त्यांना नावानेच हाक मारायचे, तिथली रीतच तशी. मनात मात्र ते पहिल्या महिन्यापासून काका-काकू होते, इथेही तेच म्हणते.

२०१५ च्या सप्टेंबरात मी बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत कामाला लागले. १९२९ मध्ये सुरू झालेली ही संस्था उंदरांच्या आनुवंशिकतेवरच्या संशोधनासाठी जगभर ओळखली जाते. मधुमेहाच्या अभ्यासात ज्याचा उल्लेख हटकून येतो तो ‘डीबी’ जातीचा उंदीर १९६६ मध्ये तिथेच सापडला. माझं काम मधुमेहावरच होतं, पण काचेच्या बशीतल्या पेशींवर. इन्सुलिन पेशीच्या दाराशी काय करतं ते मला पाठ होतं. इन्सुलिनची सिरिंज मात्र कधी हातात धरली नव्हती. घरी आई कित्येक वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेत होती, आणि त्या कोणत्या, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

बार हार्बरमधली भाडी मला झेपेनात, म्हणून बेटाच्या पलीकडच्या अंगाला, बास हार्बरच्या बाजूला, काका-काकूंच्या गॅरेजवरची खोली घेतली. काकांचा जन्म स्वान्स आयलंडला जाणाऱ्या फेरीबोटीच्या इंजिनघरात गेला होता. काकू पोस्टात होत्या. दोघंही निवृत्त. अंगणात त्यांची लाकडी बोट, जुन्या लॉबस्टर-बोटीच्या घडणीची, आणि अंगणभर टिली. टिली म्हणजे काळी, पोक्त, लॅब्रॅडॉरच्या वळणाची कुत्री. तिला मधुमेह होता. मधुमेही कुत्र्यांना बहुधा मोतीबिंदू होतो, तसा तिलाही होऊन दृष्टी गेली होती. मला कुत्र्यांची भीती. आमच्या मळ्यावरची कुत्री राखणीची, त्यांच्याजवळ जायचं नाही हेच लहानपणापासून शिकलेलं. खोलीचा जिना चढताना मी श्वास धरून तिच्याजवळून जायचे. तिला मी दिसत नव्हते, पण आले की शेपटी हलायची.

त्या वर्षी दिवाळीला आईने बेदाण्यांचं पार्सल पाठवलं. तासगावच्या घरातून दुसरं काय येणार! रव्याचे लाडू केले आणि ताटली घेऊन खाली गेले. टिली पायांशी आली तेव्हा धीर करून एक तुकडा तिच्यापुढे धरला. काकूंनी माझं मनगट धरलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “साखर तर तिला चालतच नाही, पण त्याहून वाईट म्हणजे हा बेदाणा. द्राक्ष किंवा बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतो.” आमच्या तीन पिढ्या द्राक्षांवर जगल्या, बेदाण्याची रॅकशेड माझ्या खेळण्याची जागा होती, आणि हे मला माहीत नव्हतं. काकूंनी लाडू स्वतः खाल्ला, काकांना दिला, आणि मग टिलीच्या डोक्यावर माझा हात ठेवला. त्या घरात माझं शिक्षण इथून सुरू झालं.

तिकडे शरद म्हणजे आवरासावरीचा काळ. ऑक्टोबरच्या मध्यानंतर अकेडिया राष्ट्रीय उद्यानातली गर्दी ओसरते, मेपलची लाल पानं गळायला लागतात आणि धक्क्यावरच्या बोटी एकेक करून पाण्याबाहेर येतात. आपल्या कोकणात होड्या पावसाळ्यासाठी वर ओढतात, तिकडे हिवाळ्यासाठी. तिथे भरती-ओहोटीत दहा-अकरा फुटांचा फरक पडतो, त्यामुळे बोट काढायची तर भरती गाठावी लागते. बोट अंगणात आली की पहिलं काम तळ धुण्याचं, आणि तेही ओला असतानाच. तळाला चिकटलेलं शेवाळ आणि चुनखडीच्या कवचाचे टणक जीव एकदा वाळले की खरवडून निघता निघत नाहीत. काका हे काम उद्यावर टाकत नसत. अंधार पडला तर दिवा लावून करायचे.

मग तपासणी. हातात एक टोच्या घेऊन काका फळीफळीवर फिरायचे. बोटीच्या फळ्या सीडरच्या आणि बरगड्या ओकच्या. टोच्या कुठे सहज आत गेला तर तिथलं लाकूड मऊ झालं असं समजायचं. मला वाटायचं की समुद्राच्या पाण्याने लाकूड कुजत असेल. काकांनी सांगितलं की उलट आहे. खारं पाणी लाकूड राखतं. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी, वरच्या बाजूने झिरपलेलं आणि कोपऱ्यात साठून राहिलेलं. म्हणून बोटीवर आच्छादन घालताना ते घट्ट गुंडाळायचं नाही, वारा खेळता राहिला पाहिजे. बोट उबदार जागी ठेवायची नाही, कारण फळ्या फार वाळल्या तर सांधे उघडतात. त्या शरदात एक बरगडी तडकलेली निघाली. ओकची नवी पट्टी पेटीत घालून वाफेवर ठेवली, एक इंच जाडीला एक तास या हिशोबाने. बाहेर काढल्यावर ती वाकवून बसवायला मोजके क्षण मिळतात. जाड हातमोजे घालून एका टोकाला मी होते. काका “दाब, दाब, थांब” म्हणत होते आणि टिली दूर, काकूंनी बांधून ठेवलेली, कान टवकारून बसली होती.

सांध्यांत कापसाची वात बोथट छिन्नीने आणि मोगरीने ठोकून बसवायची, वर लांबी भरायची. इथे मी जोर लावायला लागले तेव्हा काकांनी मोगरी काढून घेतली. “आत्ता लाकूड कोरडं आहे. तू आज गच्च भरलंस तर वसंतात पाण्यात फुगलेली फळी जाणार कुठे? बरगडीच मोडेल.” वसंतात बोट पाण्यात गेली तेव्हा ते दिसलंच. पहिल्या दिवशी सांध्यांतून पाणी आत येत होतं, पंप चालू होता आणि काका शांत बसून होते. फळ्या फुगल्या, सांधे आपोआप मिटले. प्रयोगशाळेत त्या काळात माझं काहीच जमत नव्हतं, परतीचा विचार मनात यायचा. त्या बोटीजवळ उभं राहून मी वर्षभर थांबायचं ठरवलं आणि थांबले.

पण ज्या कामाने मला सगळ्यात जास्त दिलं ते इंजिनाचं. इंजिनात समुद्राचं पाणी खेळतं. ते आत राहून गोठलं तर लोखंड फुटतं, म्हणून न गोठणारा द्रव इंजिनातून फिरवतात. मागच्या नळीतून गुलाबी धार येईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. काका त्यासाठी फक्त प्रॉपिलीन ग्लायकॉलचा द्रव वापरायचे. गाड्यांत सर्रास असतो तो इथिलीन ग्लायकॉलचा द्रव त्या अंगणात येऊच द्यायचे नाहीत. तो चवीला गोड असतो, कुत्रं-मांजर चाटतं, आणि थोडक्या मात्रेनेही मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जातो. टिली आंधळी, सगळं नाकाने आणि जिभेने ओळखणारी. म्हणून गुलाबी द्रवसुद्धा जमिनीवर न सांडता बादलीत धरायचा, डब्यावरची अक्षरं प्रत्येक वेळी मोठ्याने वाचायची आणि मगच झाकण उघडायचं. आयुष्यभर इंजिनं हाताळलेला माणूस दर वर्षी तोच डबा नव्याने वाचत होता. मी विचारलं, “तुम्हाला तर पाठ असेल ना?” ते म्हणाले, “मला पाठ आहे. डब्यात काय आहे ते डब्याला माहीत.”

पुढच्या शरदात काकूंच्या बहिणीचं ऑपरेशन झालं आणि त्यांना पोर्टलंडला जाऊन राहावं लागलं. टिलीला सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला इन्सुलिन द्यायचं असे. काकांच्या हातांना कंप होता. पान्हा धरला की हात स्थिर व्हायचा, बारीक सिरिंजवर मात्र रेष धरवत नसे. काकूंनी मला विचारलं. टिलीच्या अंगाला नीट हातसुद्धा न लावणारी मी, हो म्हणाले. निघण्याआधी त्यांनी मला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवलं. बाटलीवरचा आकडा वाचायला लावला: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. मग सिरिंजवरचा वाचायला लावला: ४०. टोपी लाल. फडताळातली दुसरी सिरिंज दाखवली. तिची टोपी नारिंगी आणि आकडा १००. ती शेजारच्या मधुमेही गृहस्थांची, चुकून इकडे राहिलेली. “दोन्ही सारख्याच दिसतात. रेषा मात्र वेगळ्या औषधासाठी आखलेल्या आहेत. बाटली आणि सिरिंज, दोन्ही आकडे शेजारी धरून वाचल्याशिवाय सुई टोचायची नाही. रोज वाचायचं.”

मानेमागची कातडी चिमटीत धरून पहिली सुई दिली तेव्हा माझेच हात थरथरत होते. टिली हलली नाही. काही दिवसांनी सात वाजले की ती स्वतःच माझ्या पायांवर पाठ टेकून उभी राहू लागली. एका सकाळी तिने खाल्लं नाही. मी सिरिंज भरून तयार होते. काका म्हणाले, “पोटात अन्न नाही तर सुई नाही. आधी फोन.” प्राण्यांच्या डॉक्टरांशी बोलून, तिने दुपारी थोडं खाल्ल्यावर त्यांनी सांगितलेली मात्रा दिली. साखर एकदम उतरली तर हिरड्यांना मध चोळायचा, म्हणून मधाची बाटली त्या दिवसभर काकांच्या खिशात होती.

टिलीचं इन्सुलिन डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. कुत्र्याचं आणि डुकराचं इन्सुलिन रेणूच्या रचनेत तंतोतंत एक, माणसाच्यापेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं. हे मी काकांना सांगितलं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिनचा परिणाम सिद्ध केला आणि १९२२ च्या जानेवारीत ते लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला दिलं गेलं, तेही सांगितलं. काका बराच वेळ टिलीचे कान कुरवाळत राहिले. म्हणाले, “म्हणजे आपण हिचं देणं लागतो.” इतकी वर्षं मी तो इतिहास प्रस्तावनेत एका ओळीत लिहीत होते. त्यातल्या कुत्र्यांचा विचार त्या संध्याकाळी पहिल्यांदा केला.

दोन वर्षांनी आईच्या पायाची जखम भरेना म्हणून मी तासगावला आले. गोळ्यांवरून ती इन्सुलिनवर गेली होती. मात्रा वाढत वाढत सकाळी ३० युनिटपर्यंत पोचली होती, तरी साखर उतरत नव्हती. आई पथ्य पाळत नाही, असं घरात सगळ्यांचं मत झालं होतं. ती बिचारी भाकरीचा तुकडा मोडताना सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची. संध्याकाळी तिने सिरिंज काढली आणि मला टोपी दिसली. नारिंगी. फ्रिजमधली बाटली काढून वाचली, ४० ची. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या अजून बऱ्याचदा ४० युनिटच्याच असतात. औषधाच्या दुकानातून कधीतरी १०० च्या सिरिंजांचं पाकीट आलं आणि तेच पुढे येत राहिलं. १०० च्या सिरिंजवरची ३० ची रेष म्हणजे ०.३ मिलिलिटर. ४० च्या बाटलीतून तेवढं घेतलं तर युनिट होतात १२. आईला ३० ऐवजी १२ युनिट मिळत होते.

मी लगेच योग्य सिरिंजने ३० दिले नाहीत. तीही टिलीच्या घरचीच शिकवण, आधी फोन. डॉक्टरांनी मात्रा कमीपासून पुन्हा सुरू केली, रोज साखर मोजून हळूहळू जुळवली. चतुर्थीला काय करायचं हेही त्यांनाच विचारून ठरवलं, कारण उपास करून सुई घ्यायची तिची सवय होती. जखम भरायला बरेच दिवस लागले, पण भरली. पाय वाचला.

मेनला फोन केला तेव्हा काकूंना सगळं सांगितलं. “टोपी बघितलीस, चांगलं केलंस,” एवढंच त्या म्हणाल्या आणि आईच्या जखमेचं विचारू लागल्या. टिली पुढच्या हिवाळ्यात गेली. बोट त्यांनी आता गावातल्या एका तरुण मच्छीमाराला दिली आहे. ती त्यांच्याच अंगणात वर येते, आणि काका त्याला टोच्या कसा धरायचा ते दाखवतात. आईने त्यांच्यासाठी बेदाणे पाठवले होते. ते त्यांना पोचले.

तुमच्या घरात कुणी बाटलीतून इन्सुलिन घेत असेल तर आज एवढं करा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचा. बाटली ४० ची असेल तर सिरिंजही ४० ची, लाल टोपीची हवी. आकडे जुळले नाहीत तर मात्रा स्वतः बदलू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.