नाताळच्या दिवशीचा जुमा

आमच्या अम्मीने आयुष्यातला पहिला जुमा मशिदीत अदा केला तेव्हा ती पासष्ट वर्षांची होती, आणि ती मशीद लंडनमध्ये होती. तारीख 25 डिसेंबर 2015. त्या वर्षी नाताळ शुक्रवारी आला होता.

आम्ही माणचे. मुळशी तालुक्यातले हे गाव आता बाहेरच्या लोकांना ‘हिंजवडी फेज थ्री’ म्हणूनच माहीत आहे, कारण आयटी पार्कचा तिसरा टप्पा आमच्याच गावच्या जमिनीवर उभा राहिला. जिथे अब्बा दुसऱ्यांच्या खाचरात भातलावणीला जात, तिथे काचेच्या इमारती आल्या. धाकटा भाऊ शिकला, त्यांतल्याच एका इमारतीत कामाला लागला आणि 2013 साली कंपनीने त्याला लंडनला पाठवले. 2015 च्या उन्हाळ्यात अब्बांचा इन्तेकाल झाला. अम्मीची इद्दत संपली तरी ती खोलीबाहेर पडेना. भावाने हट्ट धरला, “आपा, अम्मीला घेऊन ये. हवापालट होईल.” मी शाळेत रजेचा अर्ज टाकला.

निघायच्या वेळी सगळ्यांनी घाबरवले. नोव्हेंबरात पॅरिसमध्ये हल्ले झाले होते. 5 डिसेंबरला लंडनच्या लेटनस्टोन स्टेशनवर एका माणसाने सुरा चालवला आणि सीरियाचे नाव घेतले. भाऊ राहायचा त्या माइल एंडपासून हे स्टेशन भुयारी रेल्वेने तिसरे. तिथेच उभ्या असलेल्या एका माणसाने हल्लेखोराला ओरडून सांगितले होते की तू मुसलमान नाहीसच. ते वाक्य देशभर गाजले, पंतप्रधान कॅमेरून यांनीही त्याचे कौतुक केले. पण दूर माणमध्ये बसलेल्या माणसाला सुराच दिसतो. शेजारची काकू अम्मीला म्हणाली, “भाभी, तिकडं डोक्यावर पदर घेऊ नका, बाई. ओळखतील.” अम्मी हसली. “पदर घेतला नाही तर मीच मला ओळखणार नाही,” म्हणाली.

लंडनला उतरलो आणि पहिला गोंधळ घड्याळाचा झाला. डिसेंबरात तिथे सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. फजर सव्वासहाच्या सुमारास, जोहर बारानंतर लगेच, असर दोनच्या आसपास, मगरिब चारला आणि इशा सहाच्या सुमारास. आपल्याकडे दिवसभर पसरलेल्या नमाजा तिथे एकमेकींना खेटून उभ्या. अम्मी दुपारचे जेवून हात धुते न धुते तोच भावजय म्हणायची, “अम्मी, असर.” चहा होईपर्यंत मगरिब. अम्मी वैतागून म्हणाली, “इत्ती जल्दी? यहाँ का सूरज भी नौकरी पे जाता क्या?” पण तिला मनातून ते आवडले असावे. इद्दतीच्या काळात तिचा दिवस सरत नसे. इथे दिवस कधी संपला ते कळत नव्हते.

शहर नाताळसाठी सजले होते. भावाने आम्हाला रीजंट स्ट्रीटची रोषणाई दाखवली. ट्राफल्गार चौकात एक उंच झाड दिव्यांनी सजवून उभे केले होते. ते झाड नॉर्वेहून येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या मदतीची आठवण ठेवून 1947 पासून दर वर्षी ऑस्लो शहर ते लंडनला भेट देते. मी अम्मीला हे सांगितले. ती बराच वेळ झाडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “सत्तर साल होने आए, अब भी शुक्र अदा करते हैं. अच्छे लोग हैं.”

घरात मात्र एक पेच होता. माझा सहा वर्षांचा भाचा अयान तिथल्या शाळेत जायचा. नाताळाआधी तिथल्या शाळांत मुले येशूच्या जन्माचे छोटे नाटक करतात. अयानलाही त्यात घ्यायचे म्हणून त्याच्या शिक्षिकेने आधी आईवडिलांना बोलावून विचारले होते. भावाने सांगितले, आम्ही हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांना अल्लाहचे पैगंबर मानतो. पैगंबरांची भूमिका आमच्यात कोणी करत नाही, आणि ते देवाचे पुत्र असे आम्ही म्हणत नाही. शिक्षिकेने ऐकून घेतले आणि अयानला मेंढपाळ केले. ना संवाद, ना गाणे. हातात काठी घेऊन उभे राहायचे.

तरी अम्मी अस्वस्थ झाली. नाटकाच्या आदल्या रात्री तिने अयानला मांडीवर घेतले आणि सूरह मरयममधला किस्सा सांगितला. हजरत मरयम (अ.) घरच्यांपासून दूर निघून गेल्या, प्रसूतीच्या कळांनी खजुराच्या झाडाच्या आधाराला आल्या, जवळ कोणी नाही, आणि अल्लाहने पायाखालून झरा वाहता केला, वरून ताजे खजूर दिले. कुरआनात नावाने आलेली स्त्री त्या एकट्याच, हेही तिने सांगितले. अयानने विचारले, “दादी, वहाँ मेंढपाळ नहीं था?” तिने सांगितले, “नहीं बेटा. कोई नहीं था.” तो म्हणाला, “फिर मैं होता तो पानी ला देता.” अम्मीचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी तीही नाटकाला आली आणि पहिल्या रांगेत बसली.

मला स्वतःला मात्र त्या शिक्षिकेचे विचारणे लागून राहिले. मी वीस वर्षांच्या आसपास मराठी आणि उर्दू शिकवत आले. स्नेहसंमेलनात किती मुलांना मी किती भूमिका दिल्या, पण कोणाच्या घरी जाऊन “तुमची हरकत नाही ना?” असे विचारल्याचे आठवेना. माझ्या वर्गातली कामगारांची मुले, वेगळी भाषा बोलणारी, वेगळ्या रिवाजाची, गप्प उभी राहत. त्यांचे गप्प राहणे मी होकार समजत आले होते.

24 डिसेंबरला ईद-ए-मिलाद होती. सकाळी घरी फोन केला. माणमध्ये त्याच सुमारास दत्तजयंतीही होती, त्यामुळे फोनमधून लाऊडस्पीकरचे भजन ऐकू येत होते. अम्मीला ते ऐकून गहिवरून आले. तिने खीर केली, आम्ही दरूद पढला. संध्याकाळी शेजारची इंग्रज म्हातारी दारात आली. हातात नाताळच्या गोड पदार्थांचा डबा, आणि वर चिठ्ठी: यात दारू नाही, चरबीही नाही, सारे शाकाहारी आहे. अम्मीने तोच डबा खीर भरून परत केला. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, हे त्या बाईंना कळायचे कारण नव्हते. पण त्या पुन्हा आल्या आणि दुसऱ्यांदा खीर मागून घेऊन गेल्या.

दुसरा दिवस नाताळचा. त्या दिवशी लंडनमध्ये ना भुयारी रेल्वे धावते, ना बस. एवढे मोठे शहर एक दिवस पूर्ण थांबते. भाऊ म्हणाला, “मी जुम्याला चालत जाणार. तुम्ही येता का?” अम्मीला वाटले, तो चेष्टा करतो. “हम क्या करेंगे वहाँ?” भावाने सांगितले, “नमाज पढोगे, और क्या.”

आम्ही सगळे निघालो. साडीवर कोट, डोक्यावर पदर, पायात मोजे घालून अम्मी पुढे. थंडी तशी कमीच होती. तो डिसेंबर ब्रिटनमधला नोंदीतला सर्वांत उबदार डिसेंबर ठरला. माइल एंड रोड सरळ पश्चिमेला जातो आणि पुढे त्याचाच व्हाइटचॅपल रोड होतो. एरवी गजबजलेला रस्ता, त्या दिवशी आमच्याच पावलांचा आवाज. दुकाने बंद, खिडक्यांत दिवे. मधूनमधून आमच्यासारखेच एका दिशेने चाललेले लोक दिसू लागले: दाढीवाले बुजुर्ग, मुले, बुरखेवाल्या बाया. अम्मीने हळूच विचारले, “ये सब वहींच जा रहे क्या?”

ईस्ट लंडन मशिदीचा इतिहास भावाने वाटेत सांगितला. 1910 साली लंडनमध्ये मशिदीसाठी फंड सुरू झाला. त्यात पुढाकार कलकत्त्याचे न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांचा. कुरआनचे इंग्रजी भाषांतर करणारे अब्दुल्लाह यूसुफ अली आणि पिकथॉल हेही पुढे या कामात होते. त्या काळी या बंदराच्या भागात हिंदुस्थानातून जहाजांवर आलेले खलाशी उतरत. आपल्या कोकणातलेही कितीतरी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर गेले. अशा परक्या गावातल्या माणसांना नमाजेला जागा हवी होती. 1941 साली कमर्शियल रोडवर घरांतच पहिली मशीद सुरू झाली, आणि घुमट-मिनाराची आजची इमारत 1985 साली उभी राहिली. अगदी भिंतीला लागून यहुद्यांचे जुने प्रार्थनास्थळ होते. दोन्ही वर्षानुवर्षे शेजारी नांदले.

आणि मागे, 2013 साली बांधलेली, स्त्रियांसाठीची वेगळी इमारत. तिचे नाव मरयम सेंटर.

अम्मीने ते नाव ऐकले आणि दारातच थांबली. अयान आपल्या बापाबरोबर पुरुषांकडे गेला होता. जाताना ओरडून सांगून गेला, “दादी, आपकी मरयम!”

आत ऊब होती. वजूसाठी बसायला जागा, गरम पाणी, चपला ठेवायला कप्पे, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या. या साध्या गोष्टी. पण कोणीतरी बाईच्या गुडघ्यांचा विचार करून त्या ठेवल्या होत्या. अम्मी वजू करून एका सफेत दुपट्ट्यात बसली. तिला सफ कशी धरायची ठाऊक नव्हते. आयुष्यभर एकटीने पढलेली नमाज. शेजारी साडीतलीच एक म्हातारी होती. तिने काही न बोलता अम्मीचा खांदा आपल्या खांद्याशी आणला, पायाला पाय जुळवून दिला. मग विचारले, “कहाँ?” अम्मी म्हणाली, “पूना.” ती म्हणाली, “सिलेट.” पुढे दोघींना एकमेकींची भाषा येईना. म्हातारीने अम्मीचा हात दाबून एवढेच विचारले, “भालो आछो?” अम्मीला अर्थ कळला. मान हलवून तिनेही म्हटले, “भालो.”

खुतब्यात बंगाली आली, इंग्रजी आली. अम्मीला कळली ती फक्त अरबी. पण इमामांच्या पाठोपाठ शेकडो बायांचा एकत्र “आमीन” उठला तेव्हा ती थरथरली. सलाम फेरल्यावर बराच वेळ दुआत हात वर होते. अब्बांच्या मयतीनंतर मी तिला असे मोकळे रडताना पाहिले नव्हते. बाहेर आल्यावर म्हणाली, “तेरे अब्बा चालीस साल हर जुम्मे को नहा-धोके, इत्र लगाके जाते थे. मैं दरवाजा बंद करती थी. आज मालूम हुआ, कहाँ जाते थे.”

परतताना अंधार पडला. त्या रात्री पूर्ण चंद्र होता. नाताळच्या दिवशी पौर्णिमा 1977 नंतर पहिल्यांदाच आली होती, असे बातम्यांत सांगत होते.

जानेवारीत आम्ही माणला परतलो. अम्मीने पहिले काम केले ते आमच्या भागातल्या मशीद कमिटीच्या एका जबाबदार माणसाला घरी चहाला बोलावण्याचे. बायांसाठी एक खोली, वेगळे दार आणि एक नळ, एवढेच तिने मागितले. स्त्रियांना मशिदीपासून रोखू नका, अशी प्रेषितांची (स.) हदीस आहे, हे मी सांगितले. ते अदबीने म्हणाले, “विचार करू.” विचार चालू राहिला. 2019 साली पुण्यातल्याच एका दांपत्याने स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. 2020 च्या जानेवारीत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने न्यायालयात सांगितले की स्त्रियांना मशिदीत येऊन नमाज पढायला इस्लामची मनाई नाही. मी ती बातमी अम्मीला वाचून दाखवली. ती म्हणाली, “मनाई नहीं है, ये तो मालूम था. जगह कहाँ है?”

मग तिने आपल्याच घरात जागा केली. माणमध्ये आज चाळींत, पत्र्याच्या खोल्यांत देशभरातून आलेली कुटुंबे राहतात. इमारती बांधणारे, मेट्रोच्या कामावरचे, सोसायट्यांत राबणारे. त्यांच्यातल्या मुसलमान बाया ईदच्या दिवशी कुठे जातात, हे आम्ही कधी विचारले नव्हते. नवरे ईदगाहला जात आणि त्या खोलीत दार लावून बसत. अम्मीने त्यांना बोलावायला सुरुवात केली. मुर्शिदाबादच्या एका गवंड्याची बायको पहिल्यांदा आली ती उंबऱ्यावरच उभी राहिली. अलीकडे बंगाली बोलणाऱ्या माणसाकडे लोक कशा नजरेने पाहतात ते आपण जाणतो. ती आत यायला घाबरत होती. अम्मी काठी टेकत दारापर्यंत गेली आणि विचारले, “भालो आछो?” ती मुलगी अम्मीच्या गळ्यातच पडली.

गेल्या रमजानमध्ये कमिटीने मशिदीमागची एक खोली तरावीहपुरती बायांना दिली. जुम्यासाठी अजून दिलेली नाही. अम्मी आता पंचाहत्तरची आहे. शुक्रवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये दहा-बारा जणी जोहर पढायला जमतात. खांद्याला खांदा कसा लावायचा, ते नव्या आलेलीला अम्मी स्वतः दाखवते. कमिटीच्या त्या भाईंना दर ईदला ती शीरखुर्मा पाठवते, आणि डबा परत आला की त्यांच्या बायकोला निरोप धाडते, “जुम्याचं काय झालं, विचारून सांगा.”