गुलाबी पाणी

माझे बाबा लाचलुचपत प्रतिबंधक विभागात तपास अधिकारी आहेत. सापळ्यातल्या नोटांना फिनॉल्फ्थेलिनची पूड लावतात. त्या घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की पाणी गुलाबी होते. "म्हणजे गुन्हा शाबीत झालाच!" मी एकदा म्हणालो. बाबा हसले. "पाणी एवढेच सांगते, की नोटांना हात लागला. पैसे मागितले होते, हे सांगायला कोर्टात माणूस उभा राहावा लागतो." लाचेची मागणी सिद्ध झालीच पाहिजे, असे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही म्हटले. खटले वर्षानुवर्षे चालतात. तक्रारदार थकतो, साक्षीदार फिरतो. बाबांची झोप उडते ती तेव्हा. 'सगळेच खातात' असे आपण कट्ट्यावर सहज म्हणतो. पण पंच म्हणून सही करून त्या सहीला जागणारे आपल्यात किती निघतील?