आमचा डेडस्टॉक

माणसाला एखादा तरी छंद असावा, असं शाळेत असताना सगळे गुरुजी सांगायचे. तो कोणता असावा हे मात्र कुणीच सांगितलं नाही, आणि घोटाळा तिथेच झाला. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कुणी जुनी नाणी, कुणी दिवाळी अंक. आमच्या शाखेतले एक सद्गृहस्थ लग्नपत्रिका जमवतात आणि त्यातल्या निम्म्या जोडप्यांचं पुढे काय झालं, हेही तोंडपाठ सांगतात. मी बूट जमवले. साहेबी थाटाचे चामडी बूट नव्हेत, तर कापडी, रबरी तळव्याचे, पळायचे बूट. हल्ली त्यांना स्नीकर म्हणतात. एकूण २७ जोड. माणूस एक, पाय दोन, नोकरी बँकेत कारकुनाची आणि गाव परभणी. या चार गोष्टींचा २७ या आकड्याशी काय संबंध, हे मला आजवर कुणालाच समजावून सांगता आलेलं नाही. सौ.ला तर नाहीच नाही.

इंग्रजीत ‘स्नीक’ म्हणजे गुपचूप, चोरपावलांनी जाणं. रबरी तळव्याचा आवाज होत नाही म्हणून या बुटांना स्नीकर हे नाव पडलं. आमच्या घरात ते जास्तच लागू पडलं, कारण आमच्याकडे आलेला प्रत्येक जोड चोरपावलांनीच आला. पिशवीत खाली बूट आणि वर मेथीच्या दोन जुड्या. पुढे घरपोच पार्सलांचा जमाना आला, तेव्हा मी पत्ता बँकेचा द्यायला लागलो. कधीमधी हिने पकडलंच, “हे कधी घेतले?” तर माझं उत्तर ठरलेलं, “हे होय? जुनेच आहेत, आज पुसले.” या एका वाक्यावर मी वीस वर्षं संसार केला.

याचं मूळ शोधायचं तर १९९४ सालात जावं लागेल. तेव्हा मी सेलूला सातवीत होतो आणि तालुक्याच्या पळण्याच्या स्पर्धेत माझं नाव गेलं होतं. अण्णा शिक्षक. त्यांनी मला पांढऱ्या कॅनव्हासचे बूट घेऊन दिले. किमतीच्या शेवटी पंच्याण्णव पैसे होते आणि “पाच पैसे वाचले बघ” असं अण्णा मोठ्या समाधानाने म्हणाले होते. बूट अर्थातच वाढत्या पायाचे, म्हणजे दोन नंबर मोठे. आमचा जिल्हा कापसाचा. आईने मूठभर कापूस दोन्ही बुटांच्या पुढच्या बाजूला कोंबला आणि म्हणाली, “आता पळ.” मी पळालो. शेवटच्या वळणापर्यंत दुसरा होतो. तिथे डाव्या बुटातला कापूस दबला, बूट निसटला, आणि तो घ्यायला मी मागे फिरलो. माझा चौथा नंबर आला. क्रीडाशिक्षक म्हणाले, “बूट सोडून पळायचं ना रे!” अण्णा काही बोलले नाहीत. नवा बूट सोडून पळत जाणारा मुलगा त्यांनाही आवडला नसता, असं मला अजून वाटतं.

पुढे २००३ साली नोकरी लागली आणि पहिल्या पगारात मी मापाचे बूट घेतले. मग दुसऱ्या दिवाळीला आणखी एक जोड. मग दर बोनसला. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला ट्रेनिंग असलं की मी ट्रेनिंगपेक्षा दुकानांतच जास्त शिकायचो. हे बूट मी फारसे घातले नाहीत. घालणार कुठे? देवळात नेले तर परत येताना ते दुसऱ्या कुणाच्या तरी पायात घरी जाणार. पावसाळ्यात नेले तर आमची काळी माती एकेका बुटाला किलोकिलोने चिकटणार. म्हणून एकच जोड रोज वापरायचा आणि बाकीचे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खोक्यात, खोकं कपाटात आणि कपाट मागच्या खोलीत.

कुणी हसलं की मी इतिहास काढायचो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, पण जर्मनीचा आणि परभणीचा नेमका संबंध काय, हे कुणी सांगत नाही. मी सांगतो. जर्मनीत हेर्झोगेनऑराख नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे डासलर आडनावाच्या दोन भावांनी आईच्या कपडे धुण्याच्या खोलीत बूट करायला सुरुवात केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्स त्यांचेच बूट घालून पळाला. मग भावाभावांत बिनसलं. थोरल्या रुडॉल्फने १९४८ साली ‘प्यूमा’ काढली, धाकट्या अडॉल्फने १९४९ साली ‘आदिदास’. नदीच्या अल्याड एक कारखाना, पल्याड दुसरा. गावाचे दोन तट पडले. समोरून माणूस आला की आधी त्याच्या पायाकडे बघायचं, कोणत्या भावाचा बूट आहे ते पाहायचं, मग बोलायचं की नाही ते ठरवायचं. म्हणून त्या गावाला ‘खाली माना घातलेल्यांचं गाव’ असं नाव पडलं. आता मला सांगा, ही भाऊबंदकी पाहून परभणीच्या माणसाला परकं वाटेल काय? आपल्याकडे बांधावरून होतं, तिकडे बुटावरून झालं. फरक इतकाच की त्यांच्या भाऊबंदकीतून दोन जागतिक कंपन्या निघाल्या आणि आपल्या भाऊबंदकीतून फक्त वकिलांची घरं उभी राहिली.

तर असा हा छंद सुखाने चालला होता. अण्णा गेल्यावर आई सेलूला एकटीच राहत होती. गेल्या वर्षी तिचे गुडघे फारच बोलायला लागले, तेव्हा तिने इकडे यायचं कबूल केलं. मागची खोली तिला द्यायची ठरली. हिने खोलीच्या दारात उभं राहून एकच प्रश्न विचारला, “बूट की आई?”

प्रश्न सोपा होता. पण सोप्या प्रश्नालाच माणूस फाटे फोडतो. मी म्हणालो, “भरताने चौदा वर्षं रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या. एकदाही पायात घातल्या नाहीत. त्याला कुणी काही बोललं का?”

“भरताकडे एकच जोड होता,” ही म्हणाली.

मग मी बाजारभावाकडे वळलो. मायकेल जॉर्डन नावाच्या अमेरिकन बास्केटबॉलपटूने १९९८ च्या अंतिम मालिकेत घातलेला एक जोड २०२३ साली लिलावात २२ लाख डॉलरला गेला, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे १८ कोटी रुपये. ही म्हणाली, “तो त्यात खेळला होता. तुम्ही तुमच्या बुटांत काय केलंत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पासबुकं छापली होती, तीसुद्धा चपलेवर.

शेवटी रात्री कागद घेऊन बसलो. बी.कॉम.ला शिकवलेलं कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं, ते त्या रात्री पडलं. खरेदीची एकूण किंमत : ७१,८४० रुपये. (वहीत नोंद होती. ही वही मी भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांत ठेवतो, तिकडे घरातलं कुणी फिरकत नाही.) मालाचं मूल्यांकन करताना मूळ किंमत आणि बाजारभाव यांत जी कमी ती धरावी, हा नियम. बँकेत ९० दिवस हप्ता आला नाही की कर्ज एनपीए होतं. माझे काही बूट पंधरा वर्षांत एक पाऊलही चालले नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसाने हे कपाट पाहिलं असतं तर बसल्या जागी मेमो दिला असता.

विकायचं ठरवलं. पुण्याच्या एका भाच्याने असल्या बुटांचे व्यवहार करणाऱ्या एका तरुणाचा नंबर दिला. मी फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “काका, डेडस्टॉक आहे का?”

मला राग आला. आमच्याकडे डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे मोडक्या खुर्च्या, न फिरणारे पंखे आणि १९८७ सालचं टेबल यांची वही. म्हटलं, “डेडस्टॉक कशाला असेल? एकदम नवे आहेत!” तो म्हणाला, “तेच हो काका. न वापरलेल्या नव्या मालाला डेडस्टॉक म्हणतात.” म्हणजे जो शब्द आमच्यात शिवी, तो त्यांच्यात पदवी! मी घाईघाईने म्हणालो, “मग आहे. सगळा डेडस्टॉकच आहे. मालकासकट.”

त्याने खोकी, बिलं आणि तळव्यांचे फोटो मागितले. रविवारी सकाळी मी अंगणात सतरंजी अंथरली आणि एकेक जोड काढायला लागलो. त्यात एक माझा अतिशय लाडका जोड होता. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचा दोष नसेलही. बारा वर्षांत तो कधी जमिनीला लागला नव्हता. मी तो हातात घेतला, तळवा जरा दाबला, आणि त्याचा भुगा झाला. शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो ना, तसा. दुसरा जोड घेतला, त्याचंही तेच. एकूण नऊ जोड हातातल्या हातात गेले.

पुण्याच्या तरुणाने फोनवर कारण सांगितलं. बऱ्याच बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा फेस असतो. हवेतला ओलावा तो आतून हळूहळू फोडत राहतो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं तर ओलावा आतच कोंडतो. शिवाय जाणकार म्हणतात की वापरात असलेला असा बूट नुसत्या ठेवलेल्या बुटापेक्षा बरा टिकतो. मी माझ्या पायाकडे पाहिलं. सात वर्षं रोज वापरलेला, बाजारात, बँकेत, बसस्टँडवर तुडवलेला जोड ठणठणीत होता. ज्यांना जपलं ते गेले, ज्याला झिजवलं तो राहिला. मला आमच्या शाखेतल्या दोन-तीन माणसांची आठवण झाली. नावं सांगत नाही.

उरलेल्यांपैकी चार जोड त्या तरुणाने ९,२०० रुपयांना घेतले. त्या पैशात आईच्या न्हाणीघरात धरायला दांड्या आणि न घसरणाऱ्या फरश्या बसल्या. आता अकरा धडधाकट जोड उरले, ज्यांना बाजारात भाव नव्हता. मी पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरायला जातो. तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. १६०० मीटर, घड्याळ लावून. कुणाच्या पायात फाटके बूट, कुणी अनवाणी. एका पोराला विचारलं, “आठ नंबर बसेल का रे?”

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. “कामून, काका?”

“बूट आहेत. फुकट.”

“चोरीचे न्हाईत ना? भरतीत चारित्र्य बघतेत.”

त्याला वही आणून दाखवावी लागली. ही वही दुसऱ्या माणसाने पाहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी अकराही जोड रस्त्यावर होते. पिवळ्या पट्ट्यांचा एक जोड मी २०११ साली घेतला होता आणि तो पळतो कसा, हे १४ वर्षांनी पाहिलं. छान पळतो. त्या पोराला निघताना फक्त एवढंच सांगितलं, “बूट निसटला तर मागे फिरू नको.”

आई आली तेव्हा दोनच खोकी उरली होती. तिने कपाट पाहिलं, हिच्याकडून सगळी हकिकत ऐकली आणि मला म्हणाली, “सत्तावीस जोड कामून रे? तू काय गोम आहेस का?” मग तिने पहिलं खोकं उघडलं. त्यात १९९४ चे कॅनव्हासचे बूट होते. पांढऱ्याचे पिवळे झालेले, रबर दगडासारखं. आईने आत दोन बोटं घातली आणि डाव्या बुटातून कापसाचा दबलेला गोळा काढला. थोडा वेळ हातात धरला आणि परत होता तिथे ठेवला. “ह्यो राहू दे,” म्हणाली. मी काही बोललो नाही. अण्णाही अशा वेळी काही बोलत नसत.

दुसऱ्या खोक्यात पाच नंबरचा एक जोड होता. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळाला म्हणून मी तो घेतला होता. माझ्या पायाला तो कधीच बसणार नव्हता, पण सवलत बसली होती. डॉक्टरांनी आईला मऊ तळव्याचं काहीतरी घालून रोज चालायला सांगितलं होतं. आईने पाय घालून पाहिला. “जरासा मोठा होतोय. कापूस आण.”

हिशेब जुळला : भुगा नऊ, विक्री चार, वाटप अकरा, आईचा एक, अण्णांचा एक, पायातला एक. एकूण २७. वीस वर्षांत पहिल्यांदाच हिने माझ्या वहीवर सही केली.

आता आई रोज सकाळी नऊवारी लुगड्यावर पांढरे स्नीकर घालून अंगणात वीस फेऱ्या मारते. गल्लीतली माणसं खाली माना घालून बघतात, अगदी त्या जर्मन गावासारखी.

गेल्या महिन्यात बोनस झाला. मी संध्याकाळी घरी आलो, दार हळूच लोटलं आणि पिशवी आत ठेवली. वर मेथीच्या दोन जुड्या होत्या. घरात कसलाच आवाज नव्हता. निःश्वास सोडून मागे वळलो तर आई अगदी पाठीशी उभी.

“कितीचे रे?” तिने विचारलं.